नकाशावरचा रायपूरचा ठिपका

"वहाँ ठंड है क्या, पापा?" असं आमची रुचिता बंगळूरहून दर फोनला विचारते. विचारणाऱ्याला याचं उत्तर नको असतं, हे शहाण्या माणसाला कळतं. मला कळलं नाही. माझा सगळा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला. तिथे वजन विचारलं तर 'बरंच आहे' म्हणून चालत नसे, काट्यावर ठेवून सांगावं लागे. त्यामुळे 'आहे थोडी' असं मोघम उत्तर द्यायची मला लाज वाटू लागली आणि मी एक किमान-कमाल तापमापक आणून गॅलरीत टांगला. रात्रीतून पारा जिथवर उतरतो तिथे त्यातली खूण अडकून राहते, सकाळी उठून ती वाचायची. पुढच्या फोनला मी सांगितलं, "अकरा पूर्णांक चार." मग रुचिता म्हणाली, "अच्छा. खाना खा लिया?"

रुचिताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. रायपूरच्या मराठी घरांतली पोरं अशीच. आईशी तेवढी ती मराठीत बोलायची. पण तो विषय या गोष्टीत येत नाही. ही गोष्ट हवामानाची आहे.

तापमापक घेतला की त्यातला आकडा कोणाला तरी सांगावासा वाटतो. मी दूधवाल्याला सांगून पाहिला. तो "हव" असा छत्तीसगढी होकार देऊन पुढच्या घरी गेला. समोरच्या मीराबाईंना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "मंग कानाले बांधत जा ना भाऊ काही." शेवटी मोबाईलवर शोधता शोधता मला माझ्यासारखीच माणसं सापडली. 'गारठा मंडळ' असा त्यांचा गट आहे. नागपूर, गोंदिया, बालाघाट, बैतूल अशा गावांतली ही मंडळी पहाटे उठून एकमेकांना तापमान कळवतात. बाहेरची माणसं एकमेकांना मुलं झाली की अभिनंदन करतात, आमच्या गटात पारा सातच्या खाली गेला की करतात. गारा पडल्या तर पेढे वाटल्याची चित्रं येतात. उत्तरेतून पश्चिमी झंझावात निघाला अशी नुसती कुणकुण लागली, तरी गटातले लोक लग्नघरासारखे गडबडीत असतात. तो विरून गेला, की दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

गटाचा प्रमुख शिशिर. नागपूरला बँकेत आहे, वयानं माझ्या निम्मा, पण अधिकार कमिशनरचा. दर रविवारी संध्याकाळी तो ऑनलाइन सभा घेतो आणि थंडीचा नकाशा दाखवतो. ज्याचं मोजमाप खात्रीचं, त्याच्या गावावर ठिपका आणि ठिपक्याखाली त्याचं नाव. पहिल्या रविवारी मी नकाशा पाहिला, तर गोंदियाच्या पुढे थेट संबळपूरपर्यंत कोरं. एवढं राजधानीचं शहर, आणि तिथे जणू कोणी राहतच नाही! मी हरकत घेतली. शिशिर म्हणाला, "सर, तुमचा तापमापक गॅलरीत भिंतीला आहे. भिंतीची ऊब धरते. मोकळ्या हिरवळीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलात तर रायपूरचा ठिपका तुमचा."

खरं सांगतो, मला ठिपक्यापेक्षा ती सभा हवी होती. दिवसभर घरात मला कोणी हाक मारत नाही. कुकरची शिट्टी सोडली तर घरात माझ्यासाठी म्हणून काही आवाज होत नाही. रविवारी मात्र शिशिर एकेका ठिपक्याचं नाव पुकारतो, "बालाघाट बोला, बैतूल बोला," आणि ते ते गृहस्थ खाकरून बोलतात, बाकीचे ऐकतात. "रायपूर बोला" असं कोणीतरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

पेटीचं काम लहानूला दिलं. लहानू मूळचा भंडाऱ्याकडचा, आमच्याच गुढियारी भागात त्याचं सुतारकामाचं दुकान. त्यानं विचारलं, "कोनासाठी हाय साहेब?" मी हवामानशास्त्र समजावत बसलो नाही. नेमक्या सूचना दिल्या. चार पायांवर उभी पाहिजे. पांढरी. आत हवा खेळती राहिली पाहिजे, पण उन्हाचा त्रास व्हायला नको. पाऊस लागायला नको. दार उत्तरेला. आणि पुष्कळ वर्षं टिकली पाहिजे, माझ्यामागेही. लहानू ऐकता ऐकता गंभीर झाला. कानामागची पेन्सिल काढून हातात धरली आणि म्हणाला, "तुमी काही काळजी करू नका. मी मनापासून करतो." त्यानं केलीही. पेटी आणली तेव्हा झडपा, दुहेरी छप्पर सगळं बरोबर होतं. फक्त छपराला त्यानं छोटासा कळस केला होता आणि दारावर दोन कमळं कोरली होती. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "राहू द्या साहेब. माझ्याकडून." त्यानं उभ्या हयातीत देवघरंच केली आहेत, हात तिकडेच वळणार, अशी मी समजूत करून घेतली.

आता परवानगी. आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष भैय्यालाल साहू. बगिच्यात कोणी कपडे वाळत घातले तरी हे गृहस्थ सभा बोलावतात. गेल्या वर्षी एका मुलाचे क्रिकेटचे स्टंप काढून त्यांनी घरात कुलपात ठेवले आहेत. त्यांच्यासमोर बोलायला मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर चांगलं भाषण तयार केलं. वाढदिवसाला म्हणून शिवलेला शर्ट घातला. "भैय्यालालजी," मी सुरुवात केली, "बगीचे में बेंच के सामने एक सफेद पेटी..." ते उठलेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लहानू ने बताया मेरे को. गुलाबराव भैया, आपको पूछने की जरूरत ही नहीं है." माझं भाषण तोंडातच राहिलं. विज्ञानाचा प्रभाव इतका झटपट पडतो हे पाहून मी भारावलो. त्यांच्या बायकोनं तर जाताना बेसनाची तळलेली ठेठरी डबाभर हातात दिली.

जागा मी बगिच्याच्या मधोमध निवडली, सिमेंटच्या बाकासमोर. त्या बाकावर पूर्वी दुपारच्या उन्हाला कोण बसायचं याचा या निवडीशी काही संबंध नाही. ती जागा चारही भिंतींपासून सगळ्यात लांब आहे, कोणीही टेप लावून पाहावं.

पेटी उभी राहिली आणि माझा नेम सुरू झाला. पहाटे उठायचं, रेल्वेनं दिलेला जुना निळा कोट चढवायचा, बगिच्यात जाऊन पेटीसमोर उभं राहायचं. झडपांमधून खूण दिसत नाही म्हणून दार उघडायचं, मान खाली घालून, श्वास रोखून वाचायचं. श्वास रोखायचा अशासाठी, की तोंडच्या वाफेनं पारा चढतो. मग दार हलक्या हातानं लावायचं. फिरायला निघालेली माणसं माझ्याजवळ आली की आवाज खाली आणत. काही जण चपला काढत. या शिस्तीचं मला कौतुक वाटलं. पण आठवड्याभरात पेटीच्या पायांशी फुलं दिसू लागली. कण्हेर, झेंडू, एकदा चाफा. मग एका सकाळी उदबत्ती! मी वैतागलो. आमच्या बौद्ध घरात देवघर नाही, आणि माझ्या हातून अख्ख्या कॉलनीचं देवघर उभं राहिलं! उदबत्ती विझवून मी फुलं बाजूला केली. मीराबाई परडी घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांचा मुलगा जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळीवर असतो, त्यामुळे त्यांचं घरही बहुतेक वेळ रिकामंच.

"काहून काढता भाऊ?" त्यांनी विचारलं.

"आतली हवा बिघडते," मी म्हटलं.

"हो, ते बी हाय," त्या म्हणाल्या. "तिले वास चढेच उदबत्तीचा." कोणाला चढे, हे मी विचारलं नाही. आकडा पाठवायची घाई होती.

कॉलनीत एक गृहस्थ आहेत, ज्यांच्या गाडीला बगिच्याची तेवढी जागा हवी होती. त्यांनी महापालिकेत तक्रार केली, की सार्वजनिक उद्यानात बेकायदा धार्मिक बांधकाम झालं आहे. मला बोलावणं आलं. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, "ये धार्मिक है क्या?"

"बिलकुल नहीं," मी ठणकावून सांगितलं.

"फिर तो हटाना पड़ेगा. धार्मिक होता तो नहीं हटाते, भावना का सवाल आ जाता है. धार्मिक नहीं है तो सीधा अतिक्रमण है."

"ये मौसम का यंत्र है."

"मौसम विभाग का?"

"नहीं, मेरा."

"आपका मौसम?" त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथला माणूस हसू दाबायला फाइल शोधू लागला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर कोणी असं हसलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्ही आमच्या अध्यक्षांना फोन करा. त्यानं केला. पलीकडून भैय्यालाल काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बाबूचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तो उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "माफ कीजिए बाबूजी. कोई हाथ नहीं लगाएगा." विज्ञानाचा हा दुसरा विजय. मी तो चहा साखर जास्त असूनही संपवला.

ठिपका मिळाला. शिशिरनं नकाशा लावला, त्यावर रायपूर, खाली 'गुलाबराव रामटेके'. मी त्याचा फोटो रुचिताला पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

आणि मग डिसेंबरच्या मध्यावर चमत्कार सुरू झाला. उत्तरेचा वारा सुटला. नागपूर आठ, गोंदिया सात, बालाघाट सहा. बैतूलकरांनी तर दंव गोठल्याचा फोटो टाकला आणि दिवसभर कौतुक करून घेतलं. रायपूर मात्र पंधरा! मी दार उघडून दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशीही पंधरा, मग साडेपंधरा. शिशिर म्हणाला, "सर, तपासा." तपासता तपासता मला पेटीखाली गवतावर राखाडी कण दिसले. झाला उलगडा! उरल्याच्या भट्ट्या रात्रभर पेटलेल्या असतात, त्यांची गरम हवा वाऱ्याबरोबर इकडे सरकते आणि कारखान्यांची राख आमच्या बगिच्यात उतरवते. मी कण पुडीत भरून ठेवले आणि रविवारच्या सभेत 'उरल्याची ऊब' या विषयावर बोललो. सगळा गट कान देऊन ऐकत होता. नागपूरच्या गंधालीनं, जी एरवी कोणालाच सोडत नाही, "अफलातून" असं लिहिलं.

तेवढ्यात एका रात्री पारा एकदम सातवर आला. एका रात्रीत आठ अंशांची घसरण! पुढच्या रात्रीही सात, आणि तिसऱ्या रात्री परत पंधरा. गटात हलकल्लोळ झाला. मी वाऱ्याची दिशा बदलल्याचं सांगून टाकलं. मीराबाई तेवढ्यात भाचीकडे दुर्गला जाऊन आल्या होत्या, पण त्यांच्या प्रवासाची हवामानात कोण नोंद घेतो? एका स्थानिक हिंदी पेपरात कोट घातलेला माझा फोटो आला, मथळा 'गुढियारी में ठंड की आँखमिचौली'. भैय्यालालनी ते कात्रण समितीच्या फळ्यावर लावलं. फक्त बातमी वाचून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस ताप आलेल्याकडे पाहतो.

शिशिरनं तर पुढचा रविवार माझ्याच नावे केला. त्या संध्याकाळी झंझावात येणार होता. विदर्भात गारा पडून गेल्या होत्या, ढग पूर्वेला सरकत होते. ठरलं असं, की सर पेटीजवळून थेट वर्णन करतील, तापमान कसं कोसळतं ते सगळे ऐकतील. दुपारपासून मी घरात येरझारा घालत होतो. आयुष्यात मला कोणी कुठून थेट बोलायला सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला आभाळ काळंकुट्ट झालं. मी कोट घातला, मोबाईल वरच्या खिशात उभा ठेवला आणि निघालो. "रायपूर बोला," शिशिरचा आवाज आला. मीही बाकीच्यांसारखा खाकरलो. "नमस्कार. वारा वायव्येचा, जोरदार. विजा चमकत आहेत. पहिल्या गारा पडू लागल्या आहेत, हरभऱ्याएवढ्या." गटातून आनंदाचे चीत्कार ऐकू आले. मी बगिच्यात शिरलो आणि थांबलो.

पेटीखाली कोणीतरी होतं. उकिडवं बसलेलं, छत्री आडवी धरून. छत्रीच्या आडोशाला मातीची गोरसी होती, आणि तिच्यात शेणीचे निखारे लालभडक पेटले होते. आमच्याकडे हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि बाळंतिणी रात्रभर शेक घेतात, ती गोरसी. वर राख पसरली की ती पहाटेपर्यंत ऊब धरते.

"मीराबाई!" मी ओरडलो. "हे काय करून राहिल्या तुमी?"

"या भाऊ, धरा जरा ही छत्री. इजून जाईन ना," त्या गारा चुकवत म्हणाल्या.

"तुमी रोज ठेवून राहिल्या ही गोरसी इथं?"

"रोजच ठेवतो. संध्याकाळी आनतो, पहाटे तुमच्या आधी घिऊन जातो. दुर्गले गेली ना, तेवढे दोन दिवस नाही झालं. तिथं बी झोप नाही आली मले."

"पन काहून?"

मीराबाईंनी मान वर केली. गार त्यांच्या खांद्यावर आपटली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "काहून म्हंजे? तुमी मायावैनीच्या नावानं एवढं बांधलं. सारी कॉलनी फुलं वाहते. मी काय वाहू? वर्सभर आमी दोघी याच बाकावर बसत होतो. तिले थंडी किती वाजे! आता रात्रभर इथं उघड्यावर... म्हनलं, निदान पायाशी शेक तरी राहावा."

कमळं, ठेठरी, चपला, बाबूचा चहा, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोरून गेलं. कॉलनीतल्या शेंबड्या पोरापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं मी पहाटे तिथे मान खाली घालून का उभा राहतो ते. मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

"रोज सकाळी तुमी उभे राहता, मी खिडकीतून पायतो," मीराबाई म्हणाल्या. "काय सांगता तिले?"

तापमान वाचतो, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. "काही नाही," मी म्हणालो. "कशी हायस, एवढंच." हे मी कधी विचारलं नव्हतं, पण ते तोंडातून निघालं आणि मग मला रडू आलं. भर बगिच्यात, गारांत, रेल्वेच्या कोटात. मी छत्री हातात घेतली आणि दोघं गारा थांबेपर्यंत तसेच बसलो. पाठीवर गारा लागत होत्या, गुडघ्यांना शेक लागत होता.

घरी आल्यावर खिशातला मोबाईल काढला. सभा चालूच होती. चौकोनांतली सगळी माणसं अजून बसून होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेवटी शिशिर म्हणाला, "सर, भिजला असाल. कपडे बदला आधी." मग गंधालीनं विचारलं, "गोरसी म्हणजे ते शेकोटीचं मातीचं भांडं ना?" मी हो म्हणालो. उरल्याच्या उबेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सभ्य माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी शिशिरचा फोन आला. फार अवघडून बोलत होता. आधीचं मोजमाप काढावं लागेल म्हणाला. "पण सर, गोरसी थोडी दूर सरकवायला सांगितलीत, तर आजपासून ठिपका परत चालू करतो. अगदी आठ-दहा पावलं सरकली तरी पुरे."

संध्याकाळी मी तेच सांगायला म्हणून बगिच्यात गेलो. मीराबाई राख सारखी करत होत्या. मी बाकावर बसलो. वाक्य जुळवून नेलं होतं, सोपं होतं. त्यांनी निखारे फुंकले आणि म्हणाल्या, "काल ओली झाली ना, आज धुपून राहिली." मी उठलो, घरी गेलो आणि गॅसवर शेणीचे दोन तुकडे चांगले लाल करून चिमट्यानं पळीत घेऊन आलो. येताना शिशिरला लिहिलं, रायपूरचं केंद्र या हिवाळ्यात बंद राहील. रविवारी त्यानं नकाशा लावला तेव्हा गोंदियाच्या पुढे पुन्हा कोरं होतं. कोणी माझं नाव पुकारलं नाही. वाईट वाटलं. ते वाटणारच होतं.

सभा संपते न संपते तोच रुचिताचा फोन आला.

"वहाँ ठंड है क्या, पापा?"

"आहे," मी म्हणालो. "किती ते नाही माहीत. तुझ्या आईले थंडी लय वाजे. आठवते तुले?"

तिच्या नेहमीच्या प्रश्नाला मी 'खाना खा लिया' म्हणायच्या तयारीत होतो.

"आठवते ना, पप्पा," रुचिता मराठीत म्हणाली. "दोन स्वेटर घाले, आन वरून तुमचा तो निळा कोट."